नथ त्या पाण्यात बुडवू नका, बंदुकीची नळीही नको

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर एक पान आलं होतं. त्यात ‘अल्ट्रासोनिक क्लीनर’ या यंत्राची माहिती होती आणि शेजारी फोटो. स्टीलचं छोटं टाकं, त्यात पाणी, आणि पाण्यावर धरलेली मोत्यांची नथ. खाली ओळ : ‘तीन मिनिटांत दागिने नव्यासारखे.’ तो फोटो बघून आमच्या घरात दोन माणसं एकदम बोलली. सौ. म्हणाली, ‘‘अगं बाई, मोती गेले!’’ आणि मी म्हणालो, ‘‘पाणी खुणेच्या खाली आहे, मशीन जळणार.’’ दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. सैन्यात ई.एम.ई.मध्ये (यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणारी शाखा) २४ वर्षं आर्मरर होतो. म्हणजे हत्यारं चालवणाऱ्यांतला कमी आणि त्यांनी चालवून आणलेली हत्यारं खोलून, घासून, दुरुस्त करून कोतात (हत्यारांच्या कोठीत) परत ठेवणाऱ्यांतला जास्त. एसएलआर रायफलीच्या गॅस प्लगवर बसलेली काजळी खरवडताना माझी बोटं कितीदा सोलली असतील याचा हिशेब नाही. आता कराडला मुलाकडे असतो. शेती मात्र पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला. तिथं रात्री रानडुकरं उतरतात आणि अधूनमधून गवे. वडिलांच्या वेळेपासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची १२ बोअरची दुनळी आहे, ती आता माझ्या नावावर आहे. वर्षाला चार-सहा बार निघतात, तेही हवेत.

२०२४ साली ही बंदूक दोनदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. छाननी समिती असते, ती ठरवते कोणाचं हत्यार जमा करायचं. माझं दोन्ही वेळा ठरलं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ठेवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पहिल्या खेपेला बंदूक परत मिळाली ती जूनमध्ये, पावसाला सुरुवात झाल्यावर. भिंतीला टेकवून, गोणपाटाच्या तुकड्याला चिठ्ठी बांधून उभी करून ठेवलेली. नळीच्या बाहेरून तांबूस पुळ्या, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस नळीतून बाहेर सरकवणारा भाग) फटीत गंजाचं पीठ, आणि सेफ्टीचा खटका इतका घट्ट की अंगठ्यानं ढकलताना मला माझी रिक्रूट असतानाची थंडी आठवली. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथले हवालदार भले गृहस्थ होते, त्यांनी चहासुद्धा पाजला. त्यांना कुणी शिकवलंच नाही, एवढंच.

तेव्हा नातवानं सुचवलं, ‘‘आबा, अल्ट्रासोनिक घेऊया. तुमच्या बंदुकीचंही होईल आणि आजीच्या पैंजणांचंही.’’ हे यंत्र मला नवं नव्हतं. नोकरीत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पाहिलं होतं, पण ते आपल्या न्हाणीघरातल्या हौदाएवढं. घरात टेबलावर ठेवण्याजोगं निघालंय हे ठाऊक नव्हतं. नातवानं मोबाईलवरून १,४०० रुपयांचं एक मागवलं. पांढरं प्लॅस्टिक, वर निळा दिवा, दोन पिनांचं चार्जर, पाच ‘मोड’. माझा चष्मा त्यात ठेवला. घुर्र घुर्र आवाज आला, पाण्यावर तरंग उठले, चष्मा होता तसाच बाहेर आला. खोक्यावर अल्ट्रासोनिक लिहिलेलं, पण आत होती मोबाईल थरथरतो तसली छोटी मोटर. पाणी हलवणारं यंत्र. पाणी तर मी हातानंही हलवतो.

आता खरं यंत्र काय करतं ते सांगतो, कारण हे कळलं की निवड निम्मी झाली. स्टीलच्या टाक्याच्या तळाला बाहेरून, खालच्या अंगानं, एक गोल जाड गट्टू चिकटवलेला असतो, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्यात खास सिरॅमिकच्या चकत्या असतात. विजेचा दाब उलटसुलट झाला की त्या फुगतात-आकसतात. घरगुती यंत्रात बहुतेक हे सेकंदाला ४०,००० वेळा होतं, म्हणजे ४० किलोहर्ट्झ. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो, त्यामुळे मूळ आवाज आपल्याला ऐकू येत नाही. येते ती तव्यावर मोहरी तडतडावी तशी बारीक चरचर. या हादऱ्यांनी पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच आतल्या आत मिटतात. मिटताना प्रत्येक बुडबुडा शेजारच्या पृष्ठभागाला एक टिचकी मारतो. अशा असंख्य टिचक्या, आणि त्याही जिथं ब्रश, काडी, सुई काहीच पोचत नाही तिथं. स्क्रूच्या आट्यांत, भोकाच्या आत, साखळीच्या कडीकडीत. इंग्रजीत याला कॅव्हिटेशन म्हणतात. तात्पर्य, हा न दिसणारा ब्रश आहे. ब्रश जे करतो तेच हे करतं. ब्रशनं गंज जात नाही, तसा यानंही जात नाही. ब्रशनं काळी पडलेली चांदी पांढरी होत नाही, तशी यानंही होत नाही. आपल्या पानावर याचा एक शब्दही नव्हता.

पहिलं यंत्र परत पाठवलं. ते खोटं आहे हे कळलं कसं? वर्कशॉपमधली जुनी युक्ती. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा फॉइल असतो, पोळ्या गुंडाळायचा, त्याचा तळव्याएवढा तुकडा पाण्यात उभा धरायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि मिनिटभर यंत्र चालवायचं. खऱ्या यंत्रात फॉइलला सुरकुत्या पडतात, टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. टाक्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये असं तीन ठिकाणी करून बघायचं. एकीकडे चाळण आणि दुसरीकडे कोरा तुकडा निघाला तर ताकद सगळीकडे पोचत नाही. पहिल्या यंत्रात तीन मिनिटं धरूनही फॉइल इस्त्री केल्यासारखा राहिला. दुकानातून घेणार असाल तर खिशात फॉइलचा तुकडा घेऊन जा आणि दुकानदाराला सांगा, पाणी भरून चालवून दाखव. माझ्या अनुभवात जो ‘कशाला काका, कंपनीचा माल आहे’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरं यंत्र मी स्वतः जाऊन घेतलं, ८,२०० रुपयांना. स्टीलचं टाकं, झाकण, जाळीची टोपली, टायमर, हीटर. घेताना काय बघितलं ते लिहितो, कारण कराड-साताऱ्यातल्या कित्येकांनी फोनवर मला हेच विचारलंय.

पहिल्यांदा लिटर. खोक्यावर ‘३ लिटर’ लिहिलेलं असतं आणि आत कमी निघतं. दुकानात फूटपट्टी मागायची. माझं टाकं आतून २४ सेंटिमीटर लांब, साडेतेरा रुंद, १० खोल. गुणाकार केला की ३,२४० घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास. हिशेब जुळला. दोन लिटरवाल्याची लांबी साधारण १५ सेंटिमीटर निघते. चष्मे, कवळी, दागिन्यांना ते पुष्कळ आहे, पण रायफलीची बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आडवी मावत नाही. लिटरपेक्षा लांबी बघा. तुमची सगळ्यांत लांब वस्तू टोपलीत आडवी बसली पाहिजे. तिरपी उभी करून अर्धी बाहेर ठेवली तर अर्धीच धुतली जाते.

मग वॉट. इथं सर्रास फसवणूक होते. खोक्यावर ‘२२० वॉट’ छापलेलं, आणि त्यातले १०० हीटरचे. पाणी तापवायला १०० आणि साफसफाईला १२०. नुसते ट्रान्सड्यूसरचे वॉट किती ते वेगळं विचारायचं. तीन लिटरला ६० वॉटचे दोन गट्टू असतील तर घरकामाला भरपूर. दोन लिटरला एक चालतो. टाक्याच्या मानानं ताकद फार जास्त असली तरी उपयोग नाही, नाजूक वस्तू खराब होते.

हीटर हवाच. कोमट ते गरम पाण्यात, ५० ते ६० अंशांपर्यंत, तेलकट मळ पटकन सुटतो. उकळत्या पाण्याजवळ गेलात की बुडबुड्यांची टिचकीच मऊ पडते, त्यामुळे जास्त गरम म्हणजे जास्त स्वच्छ हा हिशेब इथं चालत नाही. आणि वायर तीन पिनांची हवी, घरात अर्थिंग असायला हवं. स्टीलचं टाकं, आत पाणी, ओले हात आणि खाली वीज. आमच्या वाडीवर अर्थिंगची तार कधीच तुटून पडलीय, म्हणून यंत्र कराडलाच ठेवलंय, वाडीवर नेत नाही. डिजिटल आकडे असले-नसले तरी फरक पडत नाही. माझ्या यंत्राला नुसती फिरवायची बटणं आहेत, आणि बिघडलं तर ती कराडातला कुठलाही रेडिओ-टीव्हीवाला बदलून देईल.

आता बंदूक. खरं सांगायचं तर नुसत्या बंदुकीसाठी हे यंत्र घेऊ नका. वर्षाला चार बार काढणाऱ्याला दांडी, ब्राँझचा ब्रश, चिंदी आणि तेल पुरतं. आमच्या वेळी पुलथ्रूला (नळी पुसायच्या दोरीला) चिंदी अडकवून नळीतून ओढायची, बाहेर पांढरी येईपर्यंत. ती पद्धत अजून जुनी झालेली नाही. शिवाय दुनळीचं हाताने सुटतं तरी काय? फोर-एंड, म्हणजे नळ्यांखालचा हातानं धरायचा भाग, निघतो, त्याला लाकूड असतं. नळ्या निघतात, त्या टाक्यात मावत नाहीत, आणि मावल्या तरी घालू नयेत. का, ते सांगतो. दोन नळ्या जोडणारी मधली पट्टी, जिला रिब म्हणतात, ती साध्या शिशाच्या डाकानं जोडलेली असते. त्या पट्टीखाली पोकळी असते. डाकाला बारीक चीर असेल तर पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून बंदूक आरशासारखी आणि आतून नळी पोखरतेय. अशा दोन नळ्या मी कापलेल्या बघितल्यात.

लॉकचं काम, म्हणजे ट्रिगर, हॅमर, स्प्रिंगा, ज्याला खोलता-जोडता येतं त्यानंच खोलावं. मी खोलतो कारण आयुष्य त्यात गेलं. इतरांनी दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडे द्यावं आणि हवं तर त्याला विचारावं, बाबा, तुझ्याकडे अल्ट्रासोनिक आहे का. .३१५ ची रायफल असेल तर तिची बोल्ट हातानं निघते, ती मात्र या यंत्राचं खरं गिऱ्हाईक. स्ट्रायकरच्या (काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या) भोकात साठलेलं जुनं तेल, जे सुकून मधासारखं घट्ट झालेलं असतं, ते १० मिनिटांत ढगासारखं पाण्यात उतरतं. बघायला मजा येते. आमच्या नातवानं त्याचा व्हिडिओ काढला.

गंजाचं काय केलं? ते यंत्रानं गेलं नाही, जाणारही नव्हतं. नळीवरच्या पुळ्या मी हलकं तेल आणि अगदी बारीक स्टील-वूल घेऊन, निळाई (लोखंडावरचा निळसर-काळा संरक्षक थर) न उडवता, हातानं काढल्या. चार संध्याकाळ गेल्या. यंत्रानं केलं ते त्याच्या पुढचं काम : एक्स्ट्रॅक्टर, स्क्रू, सेफ्टीचा खटका, स्प्रिंगा, यांच्या खाचांतून निघालेलं गंजाचं पीठ आणि जुनं चिकट तेल बाहेर काढलं. खटका आता करंगळीनं सरकतो.

पाण्यात काय घालायचं यावर फार गोंधळ आहे. भांडी घासायच्या लिक्विडचे चमचाभर थेंब, बास. टाक्यात पेट्रोल, रॉकेल, थिनर, स्पिरिट कधीही ओतू नका. आमच्या पिढीला प्रत्येक लोखंड रॉकेलमध्ये धुवायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. खाली हीटर आणि वीज, वर तापलेली वाफ, शेजारी ठिणगी. यंत्र साफ होईल ते कायमचं. ॲसिडही नको, ब्लीचिंगचं पाणीही नको, टाक्याच्या स्टीललाच खड्डे पडतात. तीव्र सोडा घातला तर ॲल्युमिनियमचे भाग काळवंडतात. जुन्या बंदुकीची निळाई तर साध्या चिंचेच्या पाण्यानंही उडते.

एक गृहस्थ फोनवर म्हणाले, ‘‘काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर आलाय, मशीनमध्ये टाकून काढू का?’’ मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. जिवंत काडतूस कुठल्याही यंत्रात, कुठल्याही पाण्यात टाकायचं नाही. खडकीच्या कारखान्याचं १२ बोअरचं काडतूस म्हणजे खेळणं नव्हे. हिरवी पडलेली, फुगलेली काडतुसं विक्रेत्याला दाखवा आणि तो सांगेल तसं करा.

बाहेर काढल्यानंतरच्या १० मिनिटांत माणसं चुकतात. या यंत्रातून निघालेलं लोखंड उघडंबोडकं असतं. त्यावर तेलाचा कणही राहिलेला नसतो. पावसाळ्यात कोयनेच्या हवेत अशा लोखंडावर अर्ध्या तासात तांबूस झाक आलेली मी बघितलीय. म्हणून बाहेर काढलं की गरम पाण्यात एकदा विसळा. आमच्याकडे बोअरवेलचं पाणी जड आहे, पांढरे डाग पडतात, त्यासाठी शेवटचं विसळणं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्यानं करतो. मग सुती फडकं, मग सुनेच्या केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा (हे तिला सांगू नका), आणि हाताला ऊब लागत असतानाच तेल. तेल भोकांतही गेलं पाहिजे, वरून नुसतं पुसून भागत नाही. आणि जास्तीचं तेल पुसून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी तेच मधासारखं होणार.

बंदुकीचं आणि घरचं पाणी एक करायचं नाही. छर्रे शिशाचे, आणि काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यातही बहुधा शिशाचं संयुग असतं. तो सगळा काळा गाळ पाण्यात उतरतो. त्याच टाक्यात दुसऱ्या दिवशी आईची कवळी किंवा नातीची दूध पाजायची बाटली टाकायची? मी बंदुकीचे भाग थेट टाक्यात घालतच नाही. जाम-लोणच्याची काचेची रुंद बरणी घेतो, त्यात साबणाचं पाणी आणि भाग, आणि बरणी टाक्यातल्या पाण्यात अर्धी बुडवून टांगतो. हादरे काचेतून आत जातात. थोडी ताकद कमी होते, वेळ जास्त लागतो, पण घाण बरणीत राहते. बरणीवर लाल रंगानं फुली मारलीय आणि ती बंदुकीच्या पेटीतच ठेवतो, फडताळात नाही. हातात रबरी मोजे घालतो. चालू यंत्रात बोटं बुडवायची नाहीत, बंदूक असो वा दागिना.

आता घरातलं. यंत्राची किंमत वसूल झाली ती इथं.

चष्मे आठवड्याला एकदा, एक-दोन मिनिटं, कोमट पाण्यात. नाकाच्या दांडीजवळचा हिरवा मळ निघतो तो बघून स्वतःचीच शिसारी येते. पण ज्या काचेवर कोटिंग आधीच सोलायला लागलंय ती त्यात घालू नये, आणि गरम पाण्यात तर नाहीच. माझ्या मुलाचा चष्मा मी ६० अंशांत आठ मिनिटं ठेवला. कोटिंग कोळ्याच्या जाळ्यासारखं तडकलं. नव्या काचांचे पैसे पेन्शनमधून दिले. आईची कवळी उत्तम निघते. तिची कानातली ऐकायची मशीन मात्र चुकूनही नको. घड्याळही नको, मग ते वॉटरप्रूफ लिहिलेलं का असेना.

पैंजण. हुपरीची चांदी, घुंगरांच्या आत साबण-मळाचा गठ्ठा बसलेला, म्हणून वाजेनासे झालेले. पाच मिनिटांत वाजायला लागले. पण काळपट होते ते काळपटच राहिले. ते काळं म्हणजे मळ नव्हे, चांदी आणि हवेतलं गंधक यांचं संयुग आहे. ते काढायला यंत्र लागतच नाही. पातेल्यात तळाला फॉइल अंथरा, त्यावर चांदी ठेवा, खाण्याचा सोडा घाला आणि उकळतं पाणी ओता. किंचित अंड्यासारखा वास येतो आणि काळेपणा चांदीवरून फॉइलवर जातो. फुकटात. फक्त खडे असलेला दागिना आणि मुद्दाम काळी केलेली ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदी त्यात टाकू नका, नाहीतर नक्षीच निघून जाईल. देवघरातली तांब्या-पितळेची भांडीही यंत्रात घालून बघितली. सौ.नं नंतर ती चिंच-मीठ लावून दोन मिनिटांत लख्ख केली आणि माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही.

आणि आपल्या फोटोतली नथ. मोती हा खनिज खडा नाही, त्याचे पापुद्रे असतात. हादरे आणि साबणाचं गरम पाणी यांनी त्याचं तेज जातं, आणि बांधणीची तार सैल होते ती वेगळीच. पोवळं, पिरोजा, ओपल यांनाही हे सोसत नाही. पाचूला बहुधा तेल पाजलेलं असतं, ते निघून जातं आणि आतल्या चिरा दिसायला लागतात. मी स्वतः शहाणपणा करून झालेला आहे. माझ्या अंगठीतला मोती नुसत्या गोंदावर बसवलेला होता, मला काय माहीत. यंत्र बंद करून टोपली उचलली तर अंगठी टोपलीत आणि मोती टाक्याच्या तळाशी. सराफानं परत बसवून दिला, पण आता तो खडूसारखा दिसतो. त्याच सराफानं सांगितलं, साज, ठुशी, पोकळ बांगड्या असल्या जुन्या दागिन्यांत पुष्कळदा आत लाख भरलेली असते. ६० अंशांच्या पाण्यात लाख मऊ पडते, भोकातून पाझरते आणि पत्रा चेपतो. मंगळसूत्राचे काळे मणी दोऱ्यात ओवलेले असतील तर दोरा भिजून कुजतो. म्हणजे मराठी बाईच्या अंगावरचा निम्मा दागिना या यंत्राला चालत नाही! चालतं ते निव्वळ सोन्याची साखळी, भरीव बांगडी, जोडवी, नीट पंजात धरलेला हिरा, एवढंच. तेही खडा हलतोय का ते आधी नखानं तपासून.

दागिन्यांपलीकडे पाहिलं तर यंत्र गड्यासारखं राबतं. नातवाच्या जुन्या स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर खोलून, आधी पेट्रोल पूर्ण उडू देऊन, धुऊन मग टाकला. पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकातून जो डिंक निघाला तो सुईनं कधी निघाला नसता. तासगावला बहिणीची द्राक्षबाग आहे. भाच्यानं ब्लोअरचे नोझल आणले होते, मोरचूद-चुन्यानं चोंदलेले. साधा मळ निघाला, पण चुन्याचा कडक थर राहिला, तो व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, मग पुन्हा घातल्यावर निघाला. नोझलसाठी फवारणीच्या औषधाची वेगळी बरणी केली, तिच्यावर निळी फुली. शाईच्या पेनांच्या निबांना तर याच्यासारखं दुसरं काही नाही. माझं १९८९ चं पेन परत लिहायला लागलं. हे पत्र त्याच पेनानं लिहिलंय.

चालवायच्या बारीकसारीक गोष्टी : पाणी खुणेपर्यंत हवंच. कोरडं किंवा अर्धवट चालवलं तर ट्रान्सड्यूसर जातो, आणि मग दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त. वस्तू तळाला टेकवू नका, टोपलीत ठेवा. नवीन पाणी भरल्यावर पाच-दहा मिनिटं रिकामंच चालवा, पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, मग धार येते. सलग अर्धा-अर्धा तास नको, १० मिनिटांनी त्याला श्वास घेऊ द्या. पाणी ओतताना आधी प्लग काढा.

आता आपल्याकडे दोन मागण्या. एक, त्या पानाची दुरुस्ती छापा, निदान नथीपुरती. दिवाळी तोंडावर आहे, आणि लोक छापलेल्या फोटोवर विश्वास ठेवतात. दुसरी जिल्हा प्रशासनापर्यंत पोचवावी अशी. निवडणुकीत हत्यारं जमा करताना परवानाधारकाला ती तेल लावून, तेलकट फडक्यात गुंडाळून देऊ द्यावीत, आणि ठेवताना भिंतीला न टेकवता लाकडी घोडीवर ठेवावीत. दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, मी तसं करून दिलं. नळ्या आतून-बाहेरून तेलानं माखल्या, तोंडाला बोळा न घालता नुसतं फडकं गुंडाळलं (बोळा घातला की आतल्या आत दमट होतं), आणि पावतीवर हत्याराची अवस्था लिहून घेतली. हवालदारांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग लिहून दिलं. डिसेंबरात बंदूक परत मिळाली तेव्हा चिंदी पहिल्याच ओढीला जवळजवळ पांढरी आली. सातारा जिल्ह्यात स्वतःची १२ बोअर घेऊन बँकेच्या दारात पहारा करणारे माजी सैनिक गावोगाव आहेत. त्यांची ती रोजीरोटी आहे. एखाद्या रविवारी ठाण्यातल्या कारकुनांना आणि शिपायांना हत्यार कसं पुसून ठेवायचं हे शिकवायला मी स्वखर्चानं येईन. कराडपासून एसटीनं जिथं जाता येतं तिथं.

यंत्र सध्या आमच्या गल्लीत फिरतंय. शेजारच्या घड्याळजीनं दोन दिवसांसाठी नेलं होतं, ते नऊ दिवसांनी आणून दिलं.

पत्रासोबत फॉइलचे दोन तुकडे पिनेनं टाचून पाठवतोय. कोरा आहे तो १,४०० रुपयांच्या यंत्रातला आणि चाळण झालेला आहे तो ८,२०० वाल्यातला. खिडकीशी उजेडासमोर धरून बघावेत. जमलं तर पुढच्या वेळी नथीऐवजी त्यांचा फोटो छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मरर,
कराड, जि. सातारा